परक्या बेटावरील ताट

शास्त्र म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रयोगशाळा उभी राहते, काचेच्या नळ्या उभ्या राहतात, सूक्ष्म यंत्रें उभीं राहतात. स्वयंपाकघर मात्र उभें राहत नाहीं. तेथें जें चालतें त्यास आपण कला म्हणूं, संवय म्हणूं, फार तर गृहकृत्य म्हणूं. पण शास्त्राच्या पंक्तीस त्याला पाट मांडण्यास आपण सहसा तयार नसतों. असें असतां गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत एक प्रसंग असा घडला कीं, एका अत्यंत प्रगत राष्ट्राचे विद्वान् आपलीं यंत्रें घेऊन समुद्रांतील एका चिमुकल्या बेटावर उतरले, त्यांनीं तेथील माती तपासली, पाणी तपासलें, हवा तपासली, आणि तरीही त्यांचा हिशोब फसला. त्याचें एक मुख्य कारण हें कीं, त्या बेटावरील माणूस दिवसाकाठीं किती नारळ खातो व पितो, ह्याचा अंदाज त्यांना नीट बांधतां आला नाहीं. त्या प्रसंगाची, आणि त्याच्या अनुषंगानें वाढलेल्या एका शास्त्राची माहिती आमच्या वाचकांस, विशेषतः घरची कोठी सांभाळणाऱ्या भगिनींस करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रशांत महासागराच्या मध्यभागीं, विषुववृत्ताच्या किंचित् उत्तरेस मार्शल बेटांचा समूह आहे. हीं बेटें म्हणजे डोंगराळ भूमि नव्हे. प्रवाळ नांवाच्या सूक्ष्म सागरी जीवांच्या सांगाड्यांनीं बांधलेले वाळूचे कंकणाकृति पट्टे होत. मध्यें उथळ, शांत पाणी. बाहेर अफाट सागर. आणि दोहोंच्या दरम्यान समुद्रसपाटीहून पुरुषभर किंवा दोन पुरुष उंचीची जमीन. येथें भात होत नाहीं, गहूं होत नाहीं. माड, कोंकणांत ज्यास नीरफणस म्हणतात तें झाड, आणि केवड्याच्या जातीचें, खाण्याजोग्या फळांचें पँडेनस हें झाड, हींच येथील शेतें व हींच कोठारें. जोडीला मासे, शिंपले आणि माडावर चढून नारळ फोडणारा एक थोराड खेकडा. तांदूळ, कणीक, साखर व डबाबंद जिन्नस बाहेरून बोटीनें येतात. बोट लांबली म्हणजे माणसें पुन्हा माडाकडे वळतात. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सारी कथा तिच्यावर फिरते.

दुसरें महायुद्ध संपल्यावर हीं बेटें अमेरिकेच्या ताब्यांत आलीं. मार्च १९४६ मध्यें बिकिनी येथील १६७ रहिवाशांस, मनुष्यजातीच्या हितासाठीं तुमची भूमि हवी आहे, असें सांगून रोंगेरिक ह्या दुसऱ्या बेटावर नेण्यांत आलें. तेथें अन्न अपुरें पडलें आणि दोन वर्षांत उपासमारीची पाळी आली, म्हणून १९४८ सालीं त्यांना तेथूनही हलवावें लागलें. इकडे १९४६ ते १९५८ ह्या अवधींत बिकिनी व एनेवेताक ह्या परिसरांत मिळून ६७ अण्वस्त्रांचे स्फोट करण्यांत आले. त्यांतील सर्वांत मोठा स्फोट ता. १ मार्च १९५४ चा. हिरोशिमावर टाकलेल्या बाँबच्या सुमारें हजारपट त्याची शक्ति होती, आणि ती तज्ज्ञांच्या अपेक्षेच्या दुपटीहून अधिक निघाली. उडालेलें प्रवाळ किरणोत्सर्गी राख होऊन आकाशांत गेलें, आणि वाऱ्याबरोबर पूर्वेकडे सरकून, दीडशे किलोमीटरांहून दूर असलेल्या रोंगेलाप बेटावर कांहीं तासांनीं पांढऱ्या भुकटीच्या रूपानें उतरलें.

रोंगेलापच्या लोकांना कोणीही पूर्वसूचना दिलेली नव्हती. भुकटी अंगणांत पडली, केसांत पडली, छपरावरून पावसाचें पाणी सांठविण्याच्या टाक्यांत पडली, उघड्यावर शिजणाऱ्या अन्नांत पडली. मुलें तिच्यांत खेळलीं. लोकांनीं तें पाणी प्यालें व तें अन्न खाल्लें. सुमारें दोन दिवसांनीं त्यांना तेथून हलविण्यांत आलें, तेव्हां कित्येकांस ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या. पुढें कातडी भाजल्यासारखी झाली, केस गळले. त्या राखेंत सांपडलेल्या एका जपानी मासेमारी नौकेवर २३ खलाशी होते. त्यांतील एकजण त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मरण पावला, आणि जपानच्या बाजारांत माशांची राशीच्या राशी तपासून टाकून द्यावी लागली.

आतां ह्या राखेंतील द्रव्यें शरीरांत काय करतात, तें थोडक्यांत पाहूं. कांहीं मूलद्रव्यांचे अणु अस्थिर असतात. ते आपोआप फुटतात आणि फुटतांना किरण सोडतात. दर सेकंदास एक अणु फुटणें ह्या मापास, ह्या विषयाचा शोध लावणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नांवावरून, बेकरेल म्हणतात. शरीर अन्नांतील द्रव्यें ओळखतें तें त्यांच्या रासायनिक स्वभावावरून. किरण त्यास दिसत नाहींत. त्यामुळें त्याची फसगत होते. किरणोत्सर्गी आयोडिन आलें कीं गळ्यांतील थायरॉइड पिंड तें नेहमींचें आयोडिन समजून सांठवितो. स्ट्रॉन्शियम हें चुन्याचें भावंड. तें हाडांत जाऊन बसतें. सीझियम हें पोटॅशियमचें भावंड. तें स्नायूंत शिरतें. आयोडिनचा जो प्रकार प्रमुख मानतात तो दर आठ दिवसांनीं निम्मा होत जातो, म्हणून त्याचा धोका पहिल्या दिवसांचा व आठवड्यांचा. परंतु ज्या सीझियमची येथें गोष्ट आहे त्यास निम्मा होण्यास तीस वर्षें लागतात. शरीरांत गेलेलें सीझियम मात्र प्रौढ माणसांत साधारण तीन महिन्यांत निम्मे बाहेर पडतें. म्हणजे खाणें थांबलें तर शरीर आपोआप स्वच्छ होऊं लागतें. खाणें चालू राहिलें तर रोज नवी भर पडते. घातक किंवा निर्धोक हें ठरविणारी गोष्ट, अर्थात्, रोजचें ताट.

येथूनच आहार-गणनेचें शास्त्र सुरू होतें. त्याचें मूळ सूत्र कोणाही गृहिणीस समजेल इतकें सोपें आहे: एका पदार्थाच्या एका किलोंत किती बेकरेल आहेत तें मोजावें, तो पदार्थ माणूस वर्षाला किती किलो खातो तें काढावें, दोहोंचा गुणाकार करावा, आणि प्रत्येक पदार्थाचा असा गुणाकार करून बेरीज मांडावी. ह्या बेरजेवरून शरीरास किती इजा संभवते तें मिलीसीव्हर्ट नांवाच्या मापांत सांगतात. निसर्गांतूनच, म्हणजे भूमि, आकाश, हवा व अन्न ह्यांतून, जगांतील सामान्य मनुष्यास दर वर्षीं सरासरीनें सुमारें २.४ मिलीसीव्हर्ट मिळतच असतात. प्रौढ मनुष्यानें एक हजार बेकरेल सीझियम गिळलें, तर त्याचा हिशोब सुमारें ०.०१३ मिलीसीव्हर्ट होतो.

एक उदाहरण घेऊं. समजा, एका फळाच्या किलोंत एक हजार बेकरेल सीझियम आहे. जो मनुष्य तें रोज शंभर ग्रॅम खातो, त्याच्या पोटांत वर्षाला ३६,५०० बेकरेल जातात, आणि हिशोब अर्ध्या मिलीसीव्हर्टाच्याही आंत राहतो. पण तेंच फळ जो रोज अर्धा किलो खातो, त्याचा आकडा २.४ च्या जवळ जातो. म्हणजे निसर्गाची वर्षाची देणगी जणूं त्यानें आणखी एकदां पदरांत घेतली. फळ तेंच, झाड तेंच, माती तीच; फरक केवळ ताटाचा. म्हणून मातीचें परीक्षण कितीही बिनचूक केलें, तरी ताटाचा अंदाज पांचपट चुकला कीं उत्तरही पांचपट चुकणार.

आतां ताटाचा अंदाज बांधणें किती अवघड आहे, हें पाहण्यासाठीं प्रशांत महासागरापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आम्ही राहतों तें बपेरा हें गांव भंडारा जिल्ह्यांत, तुमसर तालुक्यांत, बावनथडी नदीच्या कांठीं आणि मध्यप्रदेशाच्या सीमेलगत आहे. येथें असा कांहीं धोका आहे, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. वाचकांनीं निष्कारण भय बाळगूं नये. केवळ गणिताची अडचण समजावी म्हणून कल्पना करूं कीं, एखाद्या शास्त्रज्ञास आमच्या गांवांतील एका बारा माणसांच्या एकत्र कुटुंबाचा आहार मोजावयाचा आहे. त्यानें विचारलें कीं, रोज तांदूळ किती लागतो? उत्तर मिळालें, तीन किलो. त्यानें भागाकार केला: माणशीं पाव किलो. गणित बरोबर, आणि उत्तर निरुपयोगी! कारण ह्या घरांत पाव किलो तांदूळ खाणारा मनुष्य कदाचित् एकही नसेल. शेतावर राबणारा तरुण त्याच्या दुप्पट खातो. आठ वर्षांची मुलगी निम्मा खाते. आजोबांना रात्रीं भातच चालत नाहीं.

शिवाय वर्षाचे सर्व दिवस सारखे नसतात. एकादशीस भाताच्या जागीं वरी व साबुदाणा येतो, आणि आमच्याकडील तळ्यांत होणारा शिंगाडा उपासाच्या ताटांत चढतो. चातुर्मासांत कांहीं भाज्या वर्ज्य होतात. धान निघाल्यावर घरांत नवा तांदूळ असतो, आषाढांत जुना. पाहुणे येतात, लेकी माहेरीं येतात. शिजविलेल्या सर्वच अन्नाचें जेवण होत नाहीं. कांहीं गाईस जातें, कांहीं कुत्र्यास, कांहीं दारीं आलेल्यास. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, घरांतील सुना जेव्हां शेवटीं पानावर बसतात, तेव्हां त्यांच्या ताटांत काय उरलेलें असतें, हें घरच्या कर्त्या पुरुषास विचारून कळत नाहीं. वाढणारीलाच विचारावें लागतें. आणि तीही संकोचानें खरें सांगेलच असें नाहीं.

कोणी म्हणेल, इतक्या बारकाव्याची गरज काय? त्याचें उत्तर आमच्याच जिल्ह्याच्या मातींत आहे. येथें धान कापण्यापूर्वीं ओल्या बांधींत लाखोळी पेरण्याची जुनी रीत आहे. ह्या कडधान्यांत मज्जातंतूंस अपायकारक असें एक द्रव्य असतें, आणि त्यामुळें पाय लुळे पडण्याचा रोग होतो, हें प्रसिद्ध आहे. ह्या कारणास्तव १९६१ सालीं हिच्या विक्रीवर बंदी घालण्यांत आली होती. तथापि इतर अन्नाबरोबर अधूनमधून तिची डाळ खाणारीं घरें सुखरूप राहिलीं. दुष्काळांत दुसरें कांहींच नसतांना महिनेन् महिने जे तिच्यावर जगले, त्यांचे पाय गेले. दाणा एकच होता. कोणास अपाय होईल हें ठरलें तें ताटांतील वांट्यानें, आणि तो वांटा ठरला तो ज्याच्या त्याच्या गरिबीनें. किरणोत्सर्गी द्रव्याचा मार्ग निराळा असला, तरी गणिताचा धडा हाच आहे.

आतां पुन्हा त्या बेटांकडे वळूं. रोंगेलापच्या लोकांस १९५७ सालीं, बेट आतां राहण्याजोगें आहे असें सांगून, परत नेण्यांत आलें. तेथें राहून तेथलेंच अन्न खाऊं लागतांच त्यांच्या शरीरांतील सीझियमचें प्रमाण वाढलें, असें पुढील तपासण्यांत दिसून आलें. त्या काळच्या एका वैद्यकीय अहवालांत, ह्या लोकांच्या तेथील वास्तव्यामुळें मनुष्यावरील परिणामांची मोलाची माहिती मिळेल, अशा आशयाचें विधान आहे. तें वाचून कोणाही सहृदय माणसाचें मन विषण्ण होईल. पाहुणा म्हणून ताटाची चौकशी करणें निराळें, आणि माणसासच प्रयोगाचें भांडें समजणें निराळें. १९६३ पासून तेथील लोकांच्या गळ्यांतील पिंडांत गांठी आढळूं लागल्या. राख पडली त्या वेळीं जीं मुलें दहा वर्षांच्या आंतील होतीं, त्यांतील बहुसंख्य मुलांना हा विकार जडला. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, १९५४ सालीं त्या प्रसंगानंतर गोळा केलेल्या मूत्राच्या नमुन्यांवरून, लोकांनीं गिळलेल्या आयोडिनचा हिशोब नव्यानें मांडण्यांत आला. पूर्वीं ज्या अल्पायुषी प्रकारांकडे फारसें लक्ष गेलें नव्हतें, त्यांचाच वांटा पिंडास झालेल्या इजेंत मोठा होता, असें त्यांत निघालें. तीस वर्षांमागें खाल्लेल्या घांसाचा हिशोब असा करावा लागला.

बिकिनीची हकीकत तर ह्याहून बोधप्रद आहे. १९६८ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं बिकिनी बेट परत वस्तीस योग्य असल्याचें जाहीर केलें. बेटाची साफसफाई झाली, हजारों माड नव्यानें लावण्यांत आले, घरें बांधलीं गेलीं, आणि १९७२ च्या सुमारास कांहीं कुटुंबें मायभूमीस परतलीं. हिशोब मांडला गेला तेव्हां हे माड लहान होते. नारळ धरलेला नव्हता. लोक बाहेरून आलेल्या अन्नावर बव्हंशीं राहतील, असें धरून चाललेलें होतें. पण माड वाढले, नारळ धरले, आणि लोकांनीं ते खाल्ले व त्यांचें पाणी प्याले. मायभूमीस परतलेल्या बेटकऱ्यानें आपल्या दारच्या माडाचा नारळ खाऊं नये, अशी अपेक्षा धरणें म्हणजे आमच्या बपेऱ्याच्या शेतकऱ्यानें आपल्या बांधींतला भात खाऊं नये, असें म्हणण्यासारखेंच होय. शरीरांतील सीझियम मोजणाऱ्या यंत्रांनीं वर्षागणिक चढते आंकडे दाखविले. एका वर्षांत ते पाऊणपटीनें वाढले. १९७८ सालीं १३९ रहिवाशांना पुन्हा बेट सोडावें लागलें. बिकिनीचें ग्रामजीवन अद्यापि पूर्ववत् झालेलें नाहीं.

ह्या ठेंचेनंतर ताटाकडे अधिक आस्थेनें पाहिलें जाऊं लागलें. एनेवेताक बेटाचे लोक त्या वेळीं उजेलांग बेटावर निर्वासित म्हणून राहत होते. त्यांना परत नेण्यापूर्वीं त्यांच्या आहाराची तपशीलवार पाहणी करण्यांत आली. तींत पुरुष, स्त्रिया व निरनिराळ्या वयांचीं मुलें ह्यांचा आहार वेगळा लिहिला गेला. आणखी महत्त्वाचें म्हणजे, प्रत्येक पदार्थाविषयीं दोन प्रश्न विचारले गेले: बोट वेळेवर येऊन बाहेरचें अन्न मिळतें तेव्हां तुम्ही हा पदार्थ किती खातां, आणि बोट येत नाहीं तेव्हां किती खातां? एका सरासरींत जें लपून राहत होतें, तें ह्या दुसऱ्या प्रश्नानें उघड केलें. संकटकाळचें ताट हें नेहमींच्या ताटासारखें नसतें, आणि धोका बहुधा संकटकाळच्याच ताटांत असतो.

अशी पाहणी करण्याच्या रीती अनेक आहेत, आणि प्रत्येकींत कांहीं ना कांहीं उणें आहे. काल काय खाल्लें हें विचारावें, तर मनुष्य विसरतो, किंवा विचारणारास बरें वाटेल असें सांगतो. घरीं राहून स्वतः पाहावें, तर पाहुण्यासमोर घरचा बेत बदलतो. शिवाय पाहणारा बहुधा चुलीवर शिजलेलें मोजतो, आणि त्यांतलें डुकरांस व कोंबड्यांस किती गेलें तें त्याच्या नजरेआड होतें. जेवणाऱ्याच्या ताटासारखेंच दुसरें ताट भरून तें सबंध प्रयोगशाळेंत न्यावें, ही रीत सर्वांत चोख. पण ती खर्चाची व कष्टाची, आणि दोन-चार दिवसांपलीकडे कोणीही तिला कंटाळतो. म्हणून शहाणे संशोधक हिशोबाचा ताळा पाहतात. माणसास एका विशिष्ट यंत्रासमोर बसविलें असतां त्याच्या शरीरांतील सीझियमचे किरण बाहेरूनच मोजतां येतात. ताटावरून काढलेला आंकडा आणि शरीरावरून निघालेला आंकडा जुळले, तर हिशोब खरा. न जुळले, तर एक तर शिधा चुकला किंवा सांगणारानें हातचें राखलें. किराण्याची वही आणि कोठींतील शिल्लक ज्या भगिनी दर महिन्यास ताडून पाहतात, त्यांना ही युक्ति नवी वाटणार नाहीं.

ह्या पाहण्यांतून आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली. समुद्रांतील माशांपासून होणारा धोका लहान, आणि जमिनीवरील झाडांच्या फळांपासून होणारा मोठा, असें दिसून आलें. त्याचें कारण मातींत होतें. आपल्याकडील काळ्या मातींत चिकणमातीचे कण सीझियमला घट्ट धरून ठेवतात. प्रवाळाच्या वाळूंत चिकणमाती नाहीं आणि पोटॅशियमही अत्यल्प. पोटॅशियमला भुकेलेला माड समोर आलेलें सीझियमच शोषून घेतो. ह्या उलट प्रवाळ म्हणजे सारा चुनाच. त्यामुळें चुन्याचें भावंड जें स्ट्रॉन्शियम, त्याला मात्र झाडांत फारसा शिरकाव मिळत नाहीं. हें कळल्यावर उपाय सुचला तोही शेतकऱ्याच्याच ओळखीचा: माडांना पोटॅशचें खत घालावें. अमेरिकेंतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या संशोधकांनीं बिकिनीवर असे प्रयोग केले, तेव्हां नारळांतील सीझियम पूर्वींच्या सुमारें विसाव्या हिश्शापर्यंत खालीं आलें. वरची सगळी माती खरवडून काढावी, तर बेटाची सुपीकता व सावली दोन्ही जातात. त्या मानानें खताची गोणी किती सौम्य उपाय!

हा सारा विषय आपल्यापासून दूर आहे, असेंही कोणी समजूं नये. तत्कालीन सोव्हिएट संघांतील चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा अपघात ता. २६ एप्रिल १९८६ रोजीं झाला, आणि त्याची धूळ युरोपच्या कुरणांवर पडली. त्यानंतर युरोपीय राष्ट्रांच्या मदतींतून आयर्लंडचें सुमारें दोनशे टन लोणी मुंबईस आलें. तें खाण्यास योग्य आहे किंवा नाहीं, असा प्रश्न मुंबईच्या कांहीं जागरूक नागरिकांनीं न्यायालयापुढें नेला. उच्च न्यायालयानें अर्ज नाकारल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. त्या न्यायालयानें तीन तज्ज्ञांची समिति नेमून तिला एकच प्रश्न विचारला: अणुऊर्जा नियामक मंडळानें ऑगस्ट १९८७ मध्यें ठरविलेल्या मर्यादेच्या आंत किरणोत्सर्गी द्रव्य असलेलें दूध, दुधाचे पदार्थ व इतर अन्न मनुष्यास निर्धोक आहे काय? समितीनें होय असें उत्तर दिलें, आणि १९८८ सालीं न्यायालयानें तें मान्य केलें.

ह्या निकालाविषयीं मतें कांहींही असोत. आमच्या दृष्टीनें मुद्द्याची गोष्ट निराळी आहे. अशी मर्यादा आकाशांतून पडत नाहीं. माणूस वर्षाला अमुक इतकें दूध पितो, अमुक इतकें धान्य खातो, असें आधीं गृहीत धरावें लागतें, आणि मग उलट्या भागाकारानें किलोमागें किती बेकरेल चालतील तें निघतें. म्हणून दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलाकरितां मर्यादा अधिक कडक असावी लागते. २०११ च्या फुकुशिमा येथील अपघातानंतर जपाननें एप्रिल २०१२ पासून सामान्य अन्नास किलोमागें १००, दूध व बालकांचें अन्न ह्यांस ५०, आणि पिण्याच्या पाण्यास १० बेकरेल अशी जी उतरती श्रेणी लावली, तिचें मर्म हेंच. स्वयंपाकाच्या रीतीचाही ह्यांत भाग असतो. सीझियम पाण्यांत विरघळणारें. म्हणून ताक घुसळलें असतां त्याचा बहुतेक भाग ताकांत राहतो आणि लोण्यांत थोडाच येतो. तांदळांत तें कोंड्यांत अधिक असतें, सडलेल्या दाण्यांत कमी. भाजी उकडून पाणी टाकलें तर त्याबरोबर पुष्कळसें निघून जातें. तेंच पाणी आमटींत घातलें तर हिशोब पुन्हा मूळपदावर येतो. घुसळणें, सडणें, वेळणें ह्या क्रियांना असा शास्त्रीय अर्थ आहे.

आपल्या देशांतही अणुवीजकेंद्रांच्या परिसरांत पर्यावरण-सर्वेक्षण प्रयोगशाळा असतात. ठाणें जिल्ह्यांतून पुढें वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांतील तारापूर येथें १९६९ पासून वीज निर्माण होऊं लागली. तेथें समुद्रांतील मासे, दूध, भाजीपाला ह्यांचे नमुने तपासण्याची व्यवस्था आहे. तेथेंही शेवटचा प्रश्न तोच येतो: किनाऱ्यावरील कोळ्याच्या घरीं आठवड्यास मासळी किती, आणि आंतल्या गांवच्या शाकाहारी घरीं किती? दोघांची सरासरी काढली तर ती त्या दोघांपैकीं कोणाचीच नव्हे. अशा वेळीं सर्वांत अधिक खाणारें घर कोणतें, हें आधीं शोधावें आणि त्यास सुरक्षित ठेवावें, म्हणजे बाकीचीं आपोआप सुरक्षित राहतात, हा ह्या शास्त्रानें ठरविलेला नियम आहे. कुटुंबाच्या व्यवहारांत ज्याची प्रकृति नाजूक त्याच्या पथ्यानें स्वयंपाक करण्याची जी रीत आहे, तिच्याशीं हा नियम किती जुळतो पाहा!

अखेरीस एक विचार मांडूं. १९८५ सालीं रोंगेलापचे सुमारें तीनशें लोक आपल्या मुलाबाळांसह बेट सोडून निघाले. आपलें अन्न आपल्या लेंकरांस बाधत आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. सरकारी आंकडे त्यांना धीर देत होते. पण ज्या आंकड्यांनीं पूर्वीं एकदां दगा दिला, त्यांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यांना नेण्यासाठीं सरकारी नौका आली नाहीं. एका सेवाभावी संस्थेच्या जहाजानें त्यांना मेजाट्टो बेटावर पोंचविलें. ते भ्याले हें बरोबर कीं चूक, ह्याचा निवाडा करणें सोपें नाहीं. पण एवढें मात्र खरें कीं, गणित कितीही सूक्ष्म असलें तरी ज्याच्या ताटाचें तें गणित आहे त्याला तें समजावून सांगितलें नाहीं, आणि मांडतांना त्याला विचारलें नाहीं, तर तें त्याच्या उपयोगी पडत नाहीं.

अन्नांत काय मिसळलें आहे हें यंत्र सांगेल. पण कोण, केव्हां, किती व कशासाठीं खातो, हें यंत्र सांगूं शकत नाहीं. तें ज्ञान चुलीपाशीं आहे, वाढणारीच्या हातांत आहे, धान्याच्या कणगीपाशीं आहे. आपल्याकडे पाण्यांतील क्षार असोत, भाजीवरील औषधें असोत, दुधांतील भेसळ असो, जेव्हां जेव्हां अन्नाच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघेल, तेव्हां तेव्हां घरांतील स्त्रियांस आधीं विचारावें, आणि त्यांनीं निःसंकोचपणें, आपलें स्वतःचें ताट न वगळतां, उत्तर द्यावें. मार्शल बेटांवरील लोकांनीं दिलेल्या फार मोठ्या किमतींतून जगाला जर कांहीं शिकतां आलें असेल, तर तें हेंच होय.